फूड व्हॅनमध्ये ३ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर : खोका, धूर, अर्थिंग

खाडीकाठ
मालवण-तारकर्ली पट्ट्यात उभी राहणारी व्हॅन बांधायला घेतली आहे. गाडी टाटा एस, व्हीलबेस २१०० मिमी. मागची बॉडी आतून आठ बाय पाच, उंची सहा फूट. विक्रीची खिडकी डाव्या अंगाला. लोड : ३०० लीटरचा डीप फ्रीजर, ७५० वॅटचा मिक्सर, शेगडीवरचा बारा इंची एक्झॉस्ट पंखा, एलईडी दिवे, पाण्याचा छोटा पंप. गॅस १९ किलोचा. रात्री घरी फ्रीजर महावितरणच्या लाइनवर.
फॅब्रिकेटरचा बेत असा : मागच्या उजव्या कोपऱ्यात पत्र्याचा खोका करायचा, जनरेटर आत ठेवायचा, आतून एक छोटं दार, बाहेरच्या बाजूला जाळी आणि सायलेन्सरला पाइप जोडून खाली सोडायचा. यात काय चुकतंय? ५ केव्हीएचं डिझेल घ्यावं असंही एकाने सुचवलं आहे.

पाना_बारा
आधी जनरेटर किती मोठा ते ठरवू, मग खोका.
फ्रीजर चालता असताना दोनशे वॅटच्या आसपास घेतो, पण कॉम्प्रेसर उचलतो त्या क्षणी पाच-सहा पट ओढतो. म्हणजे १००० ते १२०० वॅट. मिक्सर ७५०, पंखा १५०, दिवे आणि पंप मिळून सव्वाशे. सगळं चालू असताना बेरीज सव्वाबाराशे होते, आणि मिक्सर फिरत असतानाच कॉम्प्रेसर उचलला तर बावीसशेला टेकते. २ केव्हीएचं यंत्र तिथे ओव्हरलोड दाखवून बंद पडेल. ३ केव्हीएचं इन्व्हर्टर टाइप बरोबर आहे, कारण ते सरासरी हजार वॅटवर निवांत चालतं आणि लोड उतरला की आरपीएमही उतरवतं. हजार वॅटला ताशी पाऊण लीटर पेट्रोल धरा.
५ केव्हीए डिझेल नको. एक तर वजन दीडशे किलोच्या वर. दुसरं, डिझेल इंजिन वीस-पंचवीस टक्के लोडवर तासन्‌तास चाललं की न जळलेलं इंधन सायलेन्सरमध्ये काळं, चिकट होऊन साचतं. मोठं यंत्र म्हणजे जास्त सुरक्षित असं काही नसतं.
पुढे इंडक्शन शेगडी लावायचा मोह झाला तर हे सगळं गणित मोडतं, ती एकटी २००० वॅट खाते. शेगडी गॅसवरच राहू द्या.

मतलई
आतून दार? ते आजच रद्द करा. बाकीचं सावकाश बोलू.
लहान पेट्रोल जनरेटरला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत मोजावा लागतो, आणि १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग). माणसाचं कोष्टक असं आहे : २०० पीपीएमला दोन-तीन तासांत डोकं दुखतं, ८०० ला पाऊण तासात चक्कर आणि मळमळ, १६०० ला वीस मिनिटांत तीच अवस्था आणि दोन तासांच्या आत मृत्यू. वास नाही, रंग नाही. पेट्रोलच्या धुराचा जो वास येतो तो दुसऱ्या वायूंचा. तो नाकाला सवयीचा झाला की जाणवेनासा होतो.
बहुतेक जण सायलेन्सरचा पाइप बाहेर काढला की विषय संपला असं समजतात. खरा घोटाळा तुमच्या शेगडीवरच्या पंख्यात आहे. बारा इंची पंखा मिनिटाला हजार घनफुटांच्या आसपास हवा बाहेर फेकतो. तुमची गाडी आतून आठ गुणिले पाच गुणिले सहा, म्हणजे २४० घनफूट. पंधरा सेकंदांत गाडीतली सगळी हवा बदलते. ही बदलीची हवा येते कुठून? जिथे भोक सापडेल तिथून : खिडकीतून, दाराच्या फटीतून, वायरिंगच्या भोकातून, लादीखालच्या सांध्यातून. जनरेटरच्या खोक्याची भिंत जरा जरी फुटकी असली तरी पंखा तिथला धूर आत ओढून घेतो. पाइप खाली सोडला असेल तर चेसिसखाली साचलेला धूर लादीच्या फटीतून वर येतो. थोडक्यात, स्वयंपाकाचा धूर घालवण्यासाठी लावलेला पंखाच जनरेटरचा धूर घरात घेतो.
म्हणून तीन गोष्टी. एक, जनरेटर आणि माणसं यांच्यामधली भिंत वायुबंद, तिला दार नाही, झरोका नाही. खोका उघडायचा तो फक्त बाहेरून. दोन, खोक्यातला पंखा हवा बाहेर ओढणारा हवा, आत ढकलणारा नाही. ओढणारा पंखा खोक्यात दाब कमी ठेवतो, मग फट राहिलीच तरी हवा स्वयंपाकघरातून खोक्यात जाईल, उलटी नाही. ढकलणारा पंखा लावला की तीच फट पिचकारी होते. तीन, शेगडीच्या पंख्याला त्याची हवा हक्काने द्या : पुढच्या बाजूला, केबिनच्या पाठीमागे वरच्या अंगाला एक चौरस फुटाचा लूव्हर (आडव्या पट्ट्यांचा झरोका). त्याला आयती हवा मिळाली की तो फटी शोधत फिरणार नाही.

खाडीकाठ
पंख्याचं हे लक्षातच आलं नव्हतं. दार रद्द. पण मग खोक्याला जाळी किती मोठी? फॅब्रिकेटर म्हणतो बारा बाय बारा भरपूर.

पाना_बारा
बारा बाय बारा कमी पडेल. हिशेब करू, मग फॅब्रिकेटरशी वाद घालायला सोपं जाईल.
अडीच किलोवॅट लोडला ताशी सुमारे १.३ लीटर पेट्रोल जळतं. लीटरमागे जवळपास ९ युनिट उष्णता, म्हणजे आत साडेअकरा किलोवॅट. त्यातली अडीच वीज झाली, उरली नऊ. चारेक सायलेन्सरच्या वाटेने जाते, पाच खोक्यातल्या हवेत सुटते. ती हवा बाहेरच्यापेक्षा १५ अंशांहून जास्त तापू नये असं ठरवलं तर सेकंदाला ०.२८ घनमीटर हवा फिरायला हवी, म्हणजे साधारण ६०० सीएफएम (मिनिटाला घनफूट). एप्रिल-मेमध्ये बाहेर ३४, आत ४९. त्याच्या वर गेलं की कार्ब्युरेटरपर्यंत येणाऱ्या पेट्रोलची वाफ होऊन इंजिन आचके देतं.
६०० सीएफएम हवा अडीच मीटर सेकंदाच्या वेगाने यायची तर सव्वा चौरस फूट मोकळी जागा लागते. मोकळी म्हणजे खरोखर मोकळी. लूव्हर निम्मी जागा खातो. म्हणून लूव्हरचं माप १८ बाय २० इंच, आणि ते दोनदा : एक आत येण्याचं, एक बाहेर जाण्याचं. आत येणारी हवा खालून, जनरेटर जिथून ओढतो त्या टोकाला. बाहेर जाणारी वरून, सायलेन्सरच्या टोकाला. दोन्ही एकाच बाजूला शेजारी-शेजारी केलं तर गरम हवा वळसा घालून पुन्हा आत येते. बाहेर भरपूर वारा असूनही जनरेटर तासाभरात बंद पडतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.
पंखा लोखंडी पात्यांचा घ्या, प्लास्टिकचा गरम हवेत महिनाभरात वाकडा होतो. तो जनरेटरच्या २३० व्होल्टवरच जोडा, म्हणजे जनरेटर चालू झाला की पंखा चालू, विसरायला जागाच नाही. त्यातला एकच तोटा : जनरेटर बंद केला की पंखाही थांबतो आणि तापलेला सायलेन्सर खोका भाजून काढतो. त्यासाठी दिवसाच्या शेवटी बाकीचा लोड काढून पाच मिनिटं नुसता पंख्यावर चालवा, मग बंद. शिवाय खोक्याच्या छताला ६५ अंशांचा थर्मल स्विच आणि १२ व्होल्टचा भोंगा. पंखा जळाला तर कळेल तरी.

चेसिस_नंबर
वजन कुणी काढलं नाही अजून.
जनरेटर साठ किलो, खोका, ट्रे आणि पेट्रोल मिळून चाळीस. शंभर किलो मागच्या अ‍ॅक्सलच्या दोन फूट मागे लटकवलं की २१०० च्या व्हीलबेसवर मागच्या चाकांवर १२९ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून २९ किलो उचलले जातात. एवढ्यानेही फोंडा किंवा करूळ घाट चढताना स्टिअरिंग हलकं लागतं. त्यात फ्रीजरही मागेच असेल तर बघायलाच नको. फ्रीजर केबिनच्या पाठीला आणा, जनरेटर मागे. सिलिंडर जनरेटरच्या विरुद्ध कोपऱ्यात, स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात, तळाला झरोके ठेवून. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, ती खालीच बसते. पेट्रोलची वाफही तशीच. दोन्ही एका लादीवर खेळती ठेवू नका.
बसवताना जनरेटर थेट लादीवर बोल्टने आवळू नका. त्याचे स्वतःचे रबरी पाय इंजिनाची थरथर खाण्यापुरते असतात, घाटातले खड्डे खाण्यापुरते नाहीत. ५० बाय ५० बाय ५ च्या अँगलची चौकट, तिच्यावर जनरेटर, चौकटीखाली चार रबर माउंटिंग, आणि प्रत्येकी एम १० चा ८.८ ग्रेडचा बोल्ट नायलॉक (थरथरीने सैल न होणाऱ्या) नटसह. लादीच्या खालून ६ मिमी जाडीची पट्टी आडवी घ्या. नुसत्या वॉशरवर आवळलं तर बोल्ट पत्रा फाडून वर येतो. चेसिसला वेल्डिंग करायचं नाही, चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीत भोक पाडायचं नाही. यू-बोल्ट किंवा क्लॅम्प. वेल्डिंग बॉडीवर करायचं झालं तरी आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढून ठेवा, नाहीतर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जाईल.
आणि कागद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : आरसीवर लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. सिंधुदुर्गात एमएच ०७ च्या कार्यालयात बॉडीचा नकाशा आधी दाखवा. बांधून झाल्यावर ‘आता मंजूर करा’ म्हणत गेलात तर कटर घेऊनच जावं लागेल. अपघातानंतर विमावाले पहिला कागद तोच मागतात.

सुरंगी
सगळं वाचलं. पण पोर्टेबल जनरेटर खोक्यात घालायचाच कशाला? तो उघड्या हवेसाठी बनवलेला असतो. मागे सरकता ट्रे करा, १५० किलो पेलणाऱ्या टेलिस्कोपिक रेलवर, दोन्ही टोकांना लॉक. गाडी उभी केली की ट्रे पूर्ण बाहेर ओढायचा, जनरेटर मोकळ्यावर. पंखा नको, लूव्हर नको, पाइप नको.

मतलई
सुरंगी म्हणतात ते उन्हाळ्यापुरतं माझ्या खोक्यापेक्षा चांगलं आहे, हे मान्य. दोन अटी. ट्रे मागे निघतो, म्हणजे मागचं दार उघडं राहतं. त्या दाराच्या आत पुन्हा वायुबंद भिंत हवीच, नाहीतर शेगडीचा पंखा सगळा धूर मागून ओढेल. आणि ट्रे अर्धवट बाहेर ठेवून चालवायचा नाही. अर्धवट म्हणजे खोक्याचे सगळे तोटे आणि पंखा नाही.
जूनपासून मात्र प्रश्न येतो. या जनरेटरचं सॉकेट पॅनल उडत्या पावसासाठी बनवलेलं नसतं. वर दोन फूट अंतर सोडून पत्र्याचं छप्पर केलं तरी आपल्याकडचा पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त पडतो.

खाडीकाठ
पावसाळ्यातही गाडी चालवायची आहे, किमान गणपतीत. म्हणजे खोका. पाइप वर काढू की खाली सोडू?

मतलई
वर. कारण वारा.
किनाऱ्यावर दुपारी खारा वारा समुद्रावरून येतो, रात्री मतलई जमिनीवरून. गाडी जागची हलत नाही आणि वारा उलटा फिरतो. खाली सोडलेला धूर चार वाजता रस्त्याकडे जात असेल तर दहा वाजता खिडकीशी उभ्या गिऱ्हाइकांच्या अंगावर येतो. उजव्या मागच्या कोपऱ्यातून उभा पाइप, छताच्या वर दोन फूट. शेगडीच्या पंख्याचं तोंड आणि पुढचा लूव्हर त्याच्यापासून जितके लांब जातील तितके बरे.
पाइपाचं बारीकसारीक सांगतो. सायलेन्सरच्या तोंडापेक्षा एक माप मोठा घ्या, लांबी अडीच मीटरच्या आत, वळणं दोनच, तीही मोठ्या त्रिज्येची. बारीक आणि वळणाचा पाइप इंजिनाला गुदमरवतो, व्हॉल्व्ह जळतात. एसएस ३०४ वापरा, काळा पाइप किनाऱ्यावर दोन पावसाळे काढत नाही. सायलेन्सर आणि पाइप यांच्यात एसएसचा बेलो (लवचिक नळी) हवाच, कारण जनरेटर रबरावर हलतो आणि पाइप बॉडीला पक्का असतो. बेलो नसेल तर सायलेन्सरचा फ्लँज तडकतो, आणि तडकतो तो खोक्याच्या आत. पाइपाचं वजन हँगरवर, सायलेन्सरवर अजिबात नाही. सर्वात खालच्या बिंदूला ३ मिमीचं भोक, पाणी निघून जायला, तेही खोक्याच्या बाहेरच्या भागात. वर भार घातलेली झडप. छतातून पाइप जातो तिथे दुहेरी कॉलर, मध्ये ५० मिमी अंतर आणि सिरॅमिक वूल. सांध्याला लाल आरटीव्ही (जास्त उष्णता सोसणारा सिलिकॉन), साधा सिलिकॉन तिथे टिकत नाही.
इन्व्हर्टर टाइपमध्ये थंड करणारी हवा सायलेन्सरच्या भोवतूनच बाहेर पडते. पाइप जोडताना ते हवेचं तोंड बुजवू नका. फ्लँज सायलेन्सरच्या नळीलाच बसला पाहिजे, नुसती बादली उपडी घालून तिला पाइप लावण्याचा प्रकार सर्रास दिसतो. तो गळतो. आणि हे केल्यावर वॉरंटी जाते, ती गेली असं धरूनच चाला.

ओहमचा_नियम
आता विजेकडे येऊ. इथे चुकीचं फार ठामपणे सांगितलं जातं, म्हणून लांब लिहितो.
‘चाकं रबराची आहेत, शॉक लागणार नाही.’ गाडीच्या आतल्या माणसाला कदाचित नाही लागणार. खिडकीखालच्या स्टीलच्या फळीला हात लावून ओल्या वाळूवर अनवाणी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला लागेल, विशेषतः गाडी महावितरणच्या लाइनवर असताना आणि त्या बोर्डाचं अर्थिंग नावापुरतं असताना.
‘आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) लावला, काम झालं.’ इन्व्हर्टर जनरेटरचा न्यूट्रल बहुधा तरंगता असतो, बॉडीला जोडलेला नसतो. टेस्टर लावून बघा, दोन्ही भोकांत मंद पेटतो. अशा जनरेटरवर फेज बॉडीला लागला तरी करंटला परतीची वाट नाही, आरसीसीबी पडत नाही. पहिला दोष तसाच दडून राहतो आणि दुसरा दोष माणसावर बेततो. म्हणून न्यूट्रल आणि अर्थ यांचा जोड हवा. एकाच ठिकाणी, जनरेटरकडून येणाऱ्या बाजूला, चेंजओव्हरच्या (जनरेटर की घरची लाइन ते निवडणाऱ्या स्विचच्या) आधी. चेंजओव्हर डबल पोलच घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. मग घरी लाइनवर टाकलं की तो जोड आपोआप सुटतो, आणि तो सुटायलाच हवा, कारण लाइनचा न्यूट्रल गाडीच्या बॉडीशी कधीच जोडायचा नसतो. जोडण्यापूर्वी जनरेटरचं पुस्तक वाचा, काही यंत्रांना हा जोड चालत नाही.
क्रम असा : जनरेटर, २० अँपिअरचा डबल पोल एमसीबी, न्यूट्रल-अर्थ जोड, चेंजओव्हर, २५ अँपिअर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, मग फ्रीजरला सी कर्व्हचा (सुरुवातीचा झटका सोसणारा) १० अँपिअर एमसीबी आणि बाकीच्यांना ६ चे. फ्रीजरला बी कर्व्ह लावलात तर एखाद्या उचलीला पडू शकतो आणि कोणीतरी वैतागून तो काढून टाकेल. मेन वायर ४ चौरस मिमी, सॉकेटना २.५, सगळी बारीक तारांची लवचिक. घरगुती एकेरी तारेची वायर थरथरीत स्क्रूपाशी तुटते. जनरेटरची बॉडी, खोका, फ्रीजर, फळी, चेसिस, सगळं ६ चौरस मिमीच्या हिरव्या वायरने एकत्र, रंग खरवडून, टिन केलेला लग दाबून.
तपासणी. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबून तो पडला म्हणजे जोड बरोबर आहे असं नव्हे. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलवर काम करतं, न्यूट्रल तरंगता असला तरी पडतं. खरी कसोटी : वायरमनला झिरोच्या बल्बचा होल्डर फेज आणि अर्थ यांच्यात लावायला सांगा. तो पंधरा वॅटचा बल्ब ६५ मिलिअँपिअर ओढतो. आरसीसीबी लगेच पडला पाहिजे. बल्ब पेटलाच नाही किंवा नुसता मिणमिणला तर जोड नाही. पेटून राहिला तर आरसीसीबी नादुरुस्त आहे किंवा जोड चुकीच्या जागी आहे.
दोन्ही टोकांना पिन असलेली वायर गाडीत असेल तर आजच कापा. जनरेटर सॉकेटमधून घराच्या बोर्डात सोडला तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या अंगावर तो जातो.

सुरंगी
जमिनीत रॉड?

ओहमचा_नियम
ठोका, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कोरड्या वाळूत आणि जांभ्यात रॉडचा रेझिस्टन्स इतका येतो की एमसीबी पडण्याएवढा करंट त्यातून जात नाही. आरसीसीबी पडतो तो वरच्या जोडामुळे, रॉडमुळे नाही. वाळूत ठोकायचा तर ओल लागेपर्यंत, आणि भोवती पाणी ओता.

दादल्याचो_टेम्पो
माका एक इचारूचा आसा. आंगणेवाडीच्या जत्रेत धा गाडये एकाक एक लागान उभे रवतत. माझो पायप वर आसलो तरी बाजूवाल्याचो खाली आसा, आणि त्याचो धूर माझ्या खिडकेत. तेव्हा काय करूचा?

मतलई
तेव्हा आपला पाइप कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, मीटरच बोलतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत हवाच, डोक्याच्या उंचीला, शेगडीपासून किमान मीटरभर दूर. ईएन ५०२९१-२ लिहिलेला घ्या, तो वाहनं आणि बोटींसाठीचा आहे. या मानकाचा अलार्म ५० पीपीएमला तास-दीड तासाने वाजतो, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. जत्रेसाठी आकडा दाखवणारा घ्या, वाजेपर्यंत थांबायला लागू नये. ३० च्या वर आकडा टिकून राहिला की शेजाऱ्याला एल्बो आणि उभा पाइप द्या. भांडणापेक्षा स्वस्त पडतो.
एलपीजीचा अलार्म वेगळा, तो जमिनीपासून वीतभर उंचीवर.
गर्दीत कुणाचं डोकं दुखलं, मळमळलं तर आपल्याकडे पहिलं नाव पित्ताचं किंवा उन्हाचं निघतं. एकाच गाडीतल्या दोघांना एकदम झालं तर पित्त नाही. माणसाला आधी उघड्यावर आणा, मग जनरेटर बंद करा, १०८ ला फोन. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त ऑक्सिजनवालंच दिसतं, तो ९८ दाखवेल. म्हणून दवाखान्यात गेल्या गेल्या ‘जनरेटरचा धूर’ हे शब्द सांगायचे.
आणि जनरेटर चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही. जत्रेची रात्र असो नाहीतर दशावताराची. फ्रीजर झाकण न उघडता रात्र सहज काढतो.

दादल्याचो_टेम्पो
बरा सांगितलास. एल्बो घेतंय दोन.

खारवट
धूर आणि वीज झाली, मीठ राहिलं.
खोक्याला आतून थर्माकोल किंवा पीयू फोम लावायला फॅब्रिकेटर उत्सुक असतात, आवाज कमी होतो म्हणून. दोन्ही जळतात. रॉकवूल लावा, पण उघडा नाही. तो दमट हवेत पाणी पिऊन पत्र्याला आतून कुजवतो. ॲल्युमिनियम फॉइलचं आवरण, त्यावर भोकांचा पत्रा, आणि तळापासून दोन इंच सोडून. खोक्याच्या तळाला उतार आणि निचऱ्याचं भोक खाली रस्त्याकडे.
चौकट रेडऑक्साइडवर सोडू नका. कापून, भोकं पाडून, वेल्डिंग करून झाल्यावर हॉट डिप गॅल्वनाइज करून आणा, नाहीतर झिंक प्रायमर आणि त्यावर इपॉक्सी. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला एसएसचे बोल्ट मारले तर खाऱ्या हवेत बोल्टभोवती ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला.
पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि जास्त झाली की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन कार्ब्युरेटरच्या तळाशी बसतं. जनरेटर आठवडाभर उभा राहणार असेल तर पेट्रोलची चावी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरचा तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं काढा. ‘चोक दिला तरच चालतो’ ही तक्रार बहुतेक वेळा अडकलेल्या जेटचीच (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकाची) असते.
जादा पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लीटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, एक भांडं २५ लीटरच्या आत. गाडीत मात्र पाच लीटरपेक्षा जास्त ठेवायचं कारण नाही, तेही खोक्यात नाही. टाकी भरायची ती इंजिन बंद करून, पंधरा मिनिटं थांबून, शेगडी विझवून, आणि गळ्यापर्यंत नाही. उन्हात पेट्रोल फुगतं.
ऑइल पहिल्या २० तासांनी, मग दर १०० तासांनी. एअर फिल्टरचा स्पंज किनाऱ्यावर दर आठवड्याला धुवा, वाळू बारीक असते.

खाडीकाठ
गाडी उतारावर उभी केली की जनरेटर बंद पडतो असं ऐकलं आहे. खरं का?

पाना_बारा
खरं. ऑइल कमी झाल्यावर इंजिन तोडणारा सेन्सर असतो. देवबागच्या बाजूला वाळूत एक चाक रुतून गाडी कलली की ऑइल एका बाजूला जातं, सेन्सरला वाटतं ऑइल संपलं. सेन्सरची वायर काढून टाकणं हा चुकीचा उपाय, कारण कललेल्या इंजिनात बेअरिंगला खरोखरच ऑइल पोहोचत नाही. चाकाखाली फळ्या घालून गाडी समपातळीत आणा. चौकटीवर एक स्पिरिट लेव्हल चिकटवली की रोज अंदाज बांधायला नको.
दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीत गाडी चढवणार असाल तर जनरेटर बंद, पेट्रोलची चावी बंद, टाकीच्या झाकणाचा व्हेंट बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढलेला. घाटात जाताना तेच.

मतलई
खोका तयार झाला की गिऱ्हाइकांआधी ही चाचणी करा. सगळी दारं-खिडकी बंद, शेगडीचा पंखा फुल, जनरेटर दोन हजार वॅटवर, गाडीत कुणी नाही, आकडा दाखवणारा मीटर आत काचेतून दिसेल असा. अर्धा तास. आकडा शून्यावरून हलता कामा नये. त्याआधी, जनरेटर बंद असताना शेगडीचा पंखा चालू ठेवून आतल्या प्रत्येक सांध्यावरून पेटती अगरबत्ती फिरवा, वायरच्या ग्लँडपाशी (भोकात वायर घट्ट धरणारं बूच), लादीच्या कडेला, पाइपाच्या कॉलरभोवती. तेव्हा सिलिंडर गाडीबाहेर काढून ठेवा. भिंत चांगली असेल तर धूर सरळ वर पंख्याकडे जातो. सांध्याकडून आत ढकलला जाताना दिसला तर तिथे फट आहे, पीयू सीलंट भरा आणि पुन्हा फिरवा. वायरिंगचं भोक फोमने बुजवलेलं नको, ब्रासचा ग्लँड.
दर हंगामाच्या सुरुवातीला हीच चाचणी. थरथरीने सीलंट सुटतो.

चेसिस_नंबर
अग्निशामक एबीसी पावडरचा, चार किलोचा, खोक्याच्या आत किंवा वर नाही. मागच्या बाजूला बाहेरून हात पोहोचेल असा, आणि दुसरा केबिनमध्ये. खोक्याला आग लागली तर दार सताड उघडू नका, हवा मिळून भडकते. फटीतून पावडर मारा.

खाडीकाठ
ठरलं ते लिहितो, चुकलं तर सांगा. फ्रीजर पुढे, जनरेटर मागे उजवीकडे, सिलिंडर डाव्या पुढच्या कोपऱ्यात बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात. खोका फक्त बाहेरून उघडणारा, १८ बाय २० चे दोन लूव्हर, ओढणारा पंखा. एसएस पाइप वर. डबल पोल चेंजओव्हर. आरटीओला नकाशा या आठवड्यात.

ओहमचा_नियम
घरच्या लाइनचा सॉकेट गाडीच्या उजव्या पोटाला, खाली तोंड केलेला, झाकणाचा. घरचा बोर्ड १६ अँपिअरचा आणि तिथेही आरसीसीबी आहे ना, ते बघून घ्या.

खारवट
एक राहिलं. पावसानंतर गाडी पंधरा दिवस उभी असेल तर कुंभारमाशी पाइपाच्या तळाचं ३ मिमीचं भोक मातीने लिंपून टाकते, कधी झडपेखाली पाइपातही घर करते. जनरेटरची दोरी ओढण्याआधी भोकात खिळा फिरवा आणि झडप हाताने उचलून आत टॉर्च मारा.